एका बाईंच्या वर्गातून मोठ्या शाळेत

प्राथमिक शाळा संपवून मुलं दहा-बाराव्या वर्षी मोठ्या शाळेत जातात. इमारत नवी, शिक्षक नवे, दर तासाला विषय वेगळा. त्याबद्दल वाचकांकडून आलेले काही प्रश्न आणि आमच्या शिक्षक-समुपदेशकांनी दिलेली उत्तरं.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची आहे, अभ्यासात चांगली. दहा आठवड्यांनी मोठ्या शाळेत जाईल. सुट्टीतच पुढच्या वर्षाचं गणित-विज्ञान करून घ्यावं, असं तिच्या बाबांचं म्हणणं. मला ते पटत नाही, पण दुसरं काय करावं तेही सुचत नाही.

पुढच्या वर्षाची पुस्तकं कपाटातच राहू द्या. ती आधी उरकलेलं मूल पहिले काही आठवडे वर्गात कंटाळतं, आणि तेवढ्याच वेळात वह्या हरवायला लागतं. मोठ्या शाळेत मुलं अडतात ती धड्यांमुळे क्वचितच.

आतापर्यंत सगळ्या वर्गाची आठवण एकट्या बाईंच्या डोक्यात होती. उद्या चित्रकलेची वही आणा हे त्याच सांगायच्या, कुणाचा गृहपाठ राहिला हे त्यांनाच माहीत, आज अमकी गप्प का हेही त्यांनाच कळायचं. आता सहा-सात विषयशिक्षक येतील. प्रत्येकाला फक्त आपला गृहपाठ ठाऊक. गुरुवारी तीन विषयांचं एकदम द्यायचं आहे, हे शाळेत कुणालाच माहीत नसतं. ते माहीत असायला हवं तुमच्या मुलीला. बाईंच्या डोक्यातलं हे काम तिच्याकडे द्यायचं आहे, आणि ते एका दिवसात देता येत नाही.

दहा आठवडे हातात आहेत, तर एका वेळी एकच काम सोपवा. पहिले दोन आठवडे फक्त गजर: स्वतः लावायचा, स्वतः बंद करायचा, स्वतः उठायचं. तुमची हाक एकदाच. पुढचे दोन आठवडे घड्याळ: 'अर्ध्या तासात तयार हो' म्हणायचं नाही, 'पाच वाजून वीस मिनिटांनी निघायचंय' एवढंच सांगायचं आणि त्या वेळी निघायचं. मग तिची स्वतःची सामानाची यादी: क्लास असो, पोहणं असो, पिशवी तिनं आदल्या रात्री भरायची. काही विसरलं तर त्या दिवशी त्याशिवाय भागवायचं. सुट्टीत विसरलेला टॉवेल फार स्वस्तात धडा शिकवून जातो.

शेवटच्या तीन-चार आठवड्यांत रस्ता. पहिल्यांदा बरोबर जा. दुसऱ्यांदा ती पुढे, तुम्ही वीस पावलं मागे, बोलायचं नाही. तिसऱ्यांदा तिनं जायचं, तुम्ही शाळेच्या फाटकाशी उभं राहायचं. बस चुकली तर कुठं थांबायचं आणि कुणाला फोन करायचा हे आधी ठरवा. दोन नंबर तोंडपाठ हवेत, कारण मोबाइल असलेल्या मुलांनाही आईबाबांचा नंबर पाठ नसतो. शाळा आधी बघू देत असेल तर पाच जागा शोधून ठेवा: स्वच्छतागृह, पाणी, कार्यालय, तिचा वर्ग, आणि बरं वाटेनासं झालं तर जायची खोली. प्रयोगशाळा नंतर बघितली तरी चालते.

अभ्यासाचं काही करायचंच असेल तर मागचं पक्कं करा. पाढे आणि अपूर्णांक, या दोन ठिकाणी कच्चं राहिलेलं मूल पुढे गणितात सतत मागे पडतं. शिवाय एका बैठकीत सहा-सात पानं वाचून तीन ओळींत काय वाचलं ते लिहिणं, आठवड्यातून तीनदा. बस्स.

प्रश्न : मुलगा सगळं विसरतो. वही, डबा, गृहपाठ, सूचनेचा कागद. आत्ताच ही तऱ्हा, तर मोठ्या शाळेत कसं होणार?

'लक्ष ठेव' सांगून विसरणं थांबत नाही. विसरायला जागा कुठे आहेत ते बघून त्या बुजवाव्या लागतात.

सूचनेचे कागद दप्तराच्या तळाशी चुरगळतात, कारण त्यांना घर नसतं. दोन खिसे असलेली एक फाइल घ्या. डाव्या खिशावर 'घरी दाखवायचं', उजव्यावर 'शाळेत द्यायचं'. सही झाली की कागद डावीकडून उजवीकडे. दुसरी फाइल नको, दोन झाल्या की पुन्हा शोधाशोध.

प्रत्येक विषयाला एक रंग ठरवा. गणित निळं असेल तर गणिताच्या पुस्तकाचं कव्हर, वहीची पट्टी आणि वेळापत्रकातला चौकोन, तिन्ही निळे. दप्तर भरताना वेळापत्रकात निळा चौकोन दिसला की निळं उचलायचं, नावं वाचत बसायला नको. वेळापत्रकाच्या तीन प्रती करा: अभ्यासाच्या टेबलासमोर, दप्तराच्या झाकणात आतून, आणि एक तुमच्याकडे.

गृहपाठाच्या डायरीत बहुतेक मुलं 'गणित' एवढंच लिहून आणतात आणि संध्याकाळी काय करायचं ते आठवत नाही. तीन गोष्टी लिहायची सवय लावा: काय करायचं, कधी द्यायचं, घरी काय न्यायचं. उदाहरणार्थ, 'गणित – उदाहरणसंग्रह ४, १ ते ६ – बुधवार – पुस्तक + कंपास'. आणि गृहपाठ नसेल त्या विषयापुढे 'नाही' असं लिहायचंच. रिकामी जागा म्हणजे गृहपाठ नव्हता, की लिहायचा राहिला, हे ओळखता येत नाही. 'नाही' लिहिलेलं असलं की वाद मिटतो. ही एक युक्ती बाकीच्या सगळ्यांपेक्षा जास्त उपयोगी पडते, असा आमचा अनुभव आहे.

दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत ठेवावं, असा सर्वसाधारण सल्ला असतो. आकडा सोपा वाटतो, पण बेरीज करून बघा. मुलाचं वजन ३४ किलो, म्हणजे दप्तर ३.४ किलो. रिकामं दप्तर ७०० ग्रॅम, पाऊण लिटरची भरलेली बाटली जवळजवळ ९०० ग्रॅम, डबा ५०० ग्रॅम, कंपास आणि बाकी किडूकमिडूक २०० ग्रॅम. झाले २.३ किलो. उरले १.१ किलो, म्हणजे दोनशे पानी वह्या तीन, फार तर साडेतीन. म्हणून आधी बाटली बघा. शाळेत पाणी भरून घेता येत असेल तर अर्ध्या लिटरची पुरते आणि पाव किलो तिथंच वाचतं. शंभर पानी वह्या घ्या. वजन करायला वेगळा काटा नको, तुम्ही दप्तरासह आणि दप्तराशिवाय वजनकाट्यावर उभे राहा आणि फरक काढा. जड पुस्तकं पाठीला लागून, दोन्ही पट्टे खांद्यावर, आणि दप्तराचा तळ कमरेच्या फार खाली लोंबकळणार नाही इतके ते घट्ट.

आता अवघड भाग. तो वही घरी विसरला तर नेऊन द्यायची का? डबा, चश्मा, औषध नेऊन द्या. वही नाही. बोलणी बसतील, बसू द्या. फक्त हा नियम शाळा सुरू होण्याआधी त्याला सांगून ठेवा, ऐन वेळी फोनवर सांगितला तर ती शिक्षा वाटते.

प्रश्न : माझ्या नवीन शाळेत प्रत्येकाला लॉकर मिळणार आहे आणि त्याला गोल चकतीचं नंबरचं कुलूप असतं. मला ते उघडता आलं नाही आणि तास सुरू झाला तर? (वय ११)

ही भीती तुझ्यासारख्या पुष्कळ मुलांना असते. कुलूप अवघड नाही, फक्त मनमानी खपवून घेत नाही. समज, तुझे आकडे २४, ६ आणि ३२ आहेत.

चकती उजवीकडे, म्हणजे घड्याळाचे काटे फिरतात तशी, तीन पूर्ण फेऱ्या फिरव आणि २४ वर थांब. या फेऱ्यांनी आधीचं सगळं पुसलं जातं, म्हणून त्या गाळायच्या नाहीत. आता डावीकडे फिरव. ६ लगेच आला तरी थांबू नकोस. २४ पुन्हा एकदा ओलांडून जाऊ दे आणि मग येणाऱ्या ६ वर थांब. आता पुन्हा उजवीकडे, या वेळी फेरी नाही, सरळ ३२ वर. कुलूप खाली ओढ.

उघडत नसेल तर बहुतेक वेळा दोनच कारणं असतात. डावीकडची जास्तीची फेरी राहिली, किंवा आकड्याच्या एक घर पुढे गेल्यावर तू चकती मागे आणलीस. मागे आणून चालत नाही. पुढे गेलं की पुन्हा तीन फेऱ्यांपासून सुरुवात.

असंच कुलूप घरी मिळालं तर आधी बसून दहा वेळा उघड, मग उभं राहून, मग खांद्यावर दप्तर घेऊन, आणि शेवटी कुणीतरी शेजारी उभं राहून 'चल लवकर' म्हणत असताना. वीस सेकंदांत लागोपाठ तीनदा उघडलं की झालं. आकडे कुलपावर किंवा दारावर लिहायचे नाहीत, मैत्रिणीला सांगायचे नाहीत. पहिल्या आठवड्यात पहिल्या दोन तासांच्या वह्या दप्तरातच ठेव, म्हणजे सकाळी कुलूप रुसलं तरी तुझं अडणार नाही.

प्रश्न : नातू सुट्टीत रात्री साडेअकराला झोपतो, सकाळी नऊला उठतो. नवी शाळा सकाळची, सव्वासहाला उठावं लागेल. त्याची आई म्हणते, शाळा सुरू झाली की आपोआप होईल. होतं का? — आजी

आजी, होतं, पण त्याला दोन-तीन आठवडे लागतात, आणि ते नेमके शाळेचे पहिले आठवडे असतात. तेव्हा आधीच करून घेतलेलं बरं.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत नऊ ते बारा तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ साली सांगितलं. सव्वासहाला उठायचं तर नऊला दिवा बंद. आता हिशेब: उठायची वेळ सकाळी नऊवरून सव्वासहा म्हणजे पावणेतीन तास अलीकडे, म्हणजे पंधरा-पंधरा मिनिटांचे अकरा टप्पे. एक टप्पा दोन दिवसांचा धरला तर बावीस दिवस. शाळेच्या आदल्या आठवड्यात सुरू करून हे जमत नाही.

सुरुवात उठण्यापासून करा. झोप येत नसताना मुलाला अंथरुणात ढकललं की ते छताकडे बघत पडतं आणि चिडतं. उठायची वेळ अलीकडे आणली की रात्रीची झोप मागून येते. उठल्याबरोबर पडदे उघडा, शक्य असेल तर बाहेरच्या उजेडात दहा-पंधरा मिनिटं. रविवारीही एका तासापेक्षा जास्त उशीर नको. मोबाइल रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला, आणि त्याच्या गजरासाठी साधं घड्याळ. नाहीतर 'गजरासाठी' म्हणून मोबाइल उशाशी येतोच.

एवढं मात्र त्याच्या बाजूनं सांगायला हवं: या वयात शरीराचं घड्याळच हळूहळू पुढे सरकायला लागतं, झोप खरोखरच उशिरा येऊ लागते. सगळा आळस नसतो.

प्रश्न : मुलीची एकुलती एक जिवलग मैत्रीण दुसऱ्या शाळेत जाते आहे. मुलगी बुजरी आहे. रोज विचारते, 'मधल्या सुट्टीत मी कुणाबरोबर बसू?'

तिचा प्रश्न अगदी नेमका आहे. तासाला बाकावरची जागा ठरलेली असते. मधल्या सुट्टीची वीस मिनिटं मोकळी असतात, आणि एकटेपणा तिथंच बोचतो.

तिला मैत्रीण शोधायला पाठवू नका. पहिल्या दिवसासाठी एक चेहरा पुरे. जुन्या शाळेतली, मैत्रीण नसली तरी ओळखीची, अशी कोण त्या शाळेत जाते आहे ते आधी काढा आणि सुट्टीत दोघींना दोन-तीनदा एकत्र येऊ द्या. बुजऱ्या मुलांना मोठ्या घोळक्यात शिरणं जमत नाही, दोघी-तिघींच्या गटात जमतं. वाक्यं तयार हवीत आणि ती घरी मोठ्यानं म्हणून झालेली हवीत: 'इथं कुणी बसलंय का?', 'आत्ता कुठला तास आहे?', 'तू कुठल्या शाळेतून आलीस?' तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळतंच, कारण ते प्रत्येकाकडे असतं. शाळेत गायन, खेळ, बुद्धिबळ असं काही चालत असेल तर एक, एकच, पहिल्या पंधरवड्यात घ्यायला सांगा. हात कामात असले की बोलणं सोपं होतं.

अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाचे जेफ्री बोरमन आणि सहकाऱ्यांनी सहावीच्या हजाराहून जास्त मुलांवर एक प्रयोग केला; तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. मुलांना आधीच्या मुलांचे अनुभव वाचायला दिले: सुरुवातीला आम्हालाही परकं वाटलं, मग हळूहळू सरावलो. नंतर त्यावर स्वतःचं थोडं लिहायला सांगितलं. ज्यांनी हे केलं त्यांच्या गैरहजेऱ्या, शिस्तीच्या तक्रारी आणि नापास होणं बाकीच्यांपेक्षा कमी झालं. तुम्हाला यातून उचलण्यासारखं हे: 'काही होत नाही, घाबरू नकोस' यापेक्षा 'पहिले काही आठवडे जवळजवळ सगळ्यांनाच असं वाटतं, मग कमी होतं' हे वाक्य मुलांना जास्त धरून ठेवतं. मोठ्या शाळेत वर्षभर आधी गेलेल्या एखाद्या मुलीच्या तोंडून ऐकायला मिळालं तर आणखी बरं. आईचं सांगणं या वयात निम्म्या किमतीला जातं.

आणि घरी आल्यावर 'मैत्रिणी झाल्या का?' विचारू नका. रोज 'नाही' म्हणायला लागणं ही वेगळी शिक्षा आहे. 'आज शेजारी कोण बसलं होतं?' एवढंच विचारा.

प्रश्न : मोठ्या शाळेत जाऊन तीन महिने झाले. कायम पहिल्या पाचांत असणाऱ्या मुलाचे गुण एकदम घसरले. शिकवणी लावू का?

थांबा. या वर्षी गुण घसरणं नवीन नाही. कोलंबिया विद्यापीठाचे रॉकॉफ आणि लॉकवूड यांनी न्यूयॉर्कच्या शाळांमधल्या मुलांचे निकाल तपासले, २०१० साली. जी मुलं मधल्या टप्प्याच्या वेगळ्या शाळेत गेली त्यांचे गणित आणि इंग्रजीचे गुण त्याच वर्षी खाली आले. जी जुन्याच शाळेत राहिली त्यांचे तसे आले नाहीत. शाळा बदलण्याची स्वतःची एक किंमत असते.

आता त्याचे गुण कुठं गेले ते शोधा. सगळ्या विषयांच्या वह्या आणि उत्तरपत्रिका जमिनीवर पसरा आणि दोन ढीग करा. एका ढिगात जे दिलंच नाही, उशिरा दिलं किंवा अर्धवट दिलं ते. दुसऱ्यात जे दिलं पण चुकलं ते. पहिला ढीग मोठा असेल तर शिकवणीचा काडीचा उपयोग नाही, उलट दिवसातला एक तास आणखी जाईल. डायरी आणि वेळापत्रक दुरुस्त करा. दुसरा ढीग मोठा असेल तर बघा, चुका एकाच विषयात आहेत की सगळीकडे. एकाच विषयात असतील तर त्या शिक्षकांना भेटा.

भेटीआधी चिठ्ठी लिहा, आणि तिच्यात एकच प्रश्न. 'मुलगा मागे का पडतोय?' याला कुणीही 'लक्ष देत नाही' हेच उत्तर देईल. 'अपूर्णांकाच्या भागाकारात तो तिसऱ्या पायरीला सतत चुकतो. वर्गात तुम्ही कुठली पद्धत शिकवता? घरी तीच वापरू' असं विचारलं की शिक्षकांनाही सांगायला काही मिळतं. त्याहून बरं म्हणजे त्यानं स्वतः विचारणं. 'सर, काहीच कळलं नाही' नको. 'सर, इथपर्यंत कळलं, ही ओळ कशी आली?' हवं. बोट ठेवून. शक्यतो तास संपल्यावर, सर फळा पुसत असताना.

प्रश्न : मुलीला अजून पाळी आली नाही. दप्तरात आत्तापासून काही ठेवावं का?

ठेवा. पहिली पाळी बहुतेकींना दहा ते पंधरा या वयात येते आणि सांगून येत नाही. छोट्या अपारदर्शक पाकिटात दोन पॅड, एक अंतर्वस्त्र, वापरलेलं गुंडाळायला कागद आणि एक बंद होणारी पिशवी. पॅड कसं लावायचं ते घरी एकदा प्रत्यक्ष लावून बघू द्या. कुठल्या बाईंना सांगायचं तेही ठरवून ठेवा. मुलग्यांशीही या वयातल्या बदलांबद्दल बोलायला हवं, ते बहुतेक घरांत राहून जातं.

प्रश्न : नवीन शाळेत जाऊन महिना झाला. मुलगा रोज सकाळी पोट दुखतं म्हणतो. डॉक्टरांनी तपासलं, काही नाही. नाटक समजून दुर्लक्ष करावं का?

नाटक म्हणू नका. काळजीनं दुखणारं पोट खरंच दुखतं. तीन आठवड्यांची नोंद ठेवा: तारीख, किती वाजता दुखलं, त्या दिवशी कुठले तास होते. रविवारी दुखत नसेल तर दिशा कळली. फक्त मंगळवार-शुक्रवारी दुखत असेल तर वेळापत्रकात त्या दोन दिवशी काय आहे ते बघा. कधी तो एक तास असतो, कधी बसमधली एक जागा.

आधी एक साधी गोष्ट मात्र विचारा: शाळेत शौचाला जातो का? कडी लागत नाही, घाण असते, मोठी मुलं दारात उभी असतात, म्हणून बरीच मुलं दिवसभर रोखून धरतात आणि त्यासाठी पाणीही पीत नाहीत. मग बद्धकोष्ठ होतं आणि पोट दुखायचं खरं कारण तयार होतं. बाटली भरलेलीच परत येते का, हे तपासा. येत असेल तर वर्गशिक्षकांशी बोला आणि तास चालू असताना जायची परवानगी मागा. तेव्हा तिथं गर्दी नसते. सकाळी नाश्त्यानंतर दहा मिनिटं घरीच निवांत बसू द्या, त्यासाठी उठायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे घ्या.

शाळा बुडवू देऊ नका. घरी राहिलं की पोट थांबतं, आणि दुसऱ्या दिवशी जाणं दुपटीनं जड होतं. फार वाटत असेल तर अर्धा दिवस, पण पाठवा. ताप, वजन कमी होणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं किंवा शौचात रक्त असेल तर मात्र पुन्हा डॉक्टरांकडे, त्याच दिवशी. आणि अंगावर खुणा, फाटलेली वही, हरवलेले पैसे, एखाद्या मुलाचं नाव काढताच गप्प होणं, यातलं काही दिसलं तर नोंद पुरी व्हायची वाट न बघता शाळेत जाऊन वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक दोघांना भेटा. काय, कधी, कुठं झालं ते तारखेसह कागदावर लिहून द्या आणि एक प्रत सहीनिशी परत घ्या.